पावसातली अर्धी मॅरेथॉन आणि रेषेपलीकडची वीस मिनिटं

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे पदाधिकारी आणि बाहेर एवढं कोसळत असतानाही आलेल्या श्रोतेमंडळींनो,

पत्रिकेवर आजचा विषय ‘पावसातली अर्धी मॅरेथॉन : तयारी’ असा छापलाय. तयारीचं सांगणारच आहे. खरं त्याआधी एक गोष्ट माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळतेय, ती मोकळी करू द्या. पावसात पळताना माणूस सहसा गारठत नाही, तो गारठतो थांबल्यावर. आणि आपल्याकडं स्पर्धा भरवणाऱ्यांचं सगळं लक्ष पळण्याच्या 21 किलोमीटरवर असतं. शेवटची रेषा ओलांडल्यानंतरची पहिली वीस मिनिटं कुणाच्याच हिशेबात नसतात.

आता तुम्ही म्हणाल, पावसात पळायचंच कशाला? डिसेंबर-जानेवारी आहे की. आहे, आणि चांगलाच आहे. खरं आपल्या बेळगाव भागाचा पाऊस एकदा नीट बघा. एकाच जिल्ह्यात पश्चिमेला कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते, आणि पूर्वेला अथणी. अथणीला वर्षभरात जेवढा पडतो त्याहून जास्त कणकुंबीला एका जुलैत पडतो. बेळगाव शहर या दोन्हींच्या मधे, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर. जुलै-ऑगस्टमध्ये इथं पहाटे वीसेक अंश आणि दुपारी पंचवीसेक. ऊन नाही, धूळ नाही, लू नाही. मुंबईकडची पोरं जानेवारीतसुद्धा उन्हं वर आली की घामानं हैराण होतात, आणि आपल्याला निसर्गानं ओली सावली दिलीय तर आपण चार महिने मैदान बंद ठेवतो. शाळेत खेळाच्या तासाला पाऊस आला की वर्गात बसून गणितं. का? तर पोरं भिजतील, आजारी पडतील.

सर्दी विषाणूंमुळं होते. भिजल्यानं विषाणू तयार होत नाहीत. हे मी पालकसभेत कितीदा बोललोय, आणि दर वेळी कुणीतरी आई उठून म्हणते, “सर, तुमचं बरोबर आहे, खरं आमच्या बाळूला लगेच शिंका येतात.” असू दे. त्या बाळूच्याच घरचं शेत येळ्ळूरच्या शिवारात आहे, आणि रोप लावणीला त्याची आजी दिवसभर पोटरीभर पाण्यात वाकलेली असते. डोक्यावर गोणपाटाची खोळ, आता कुठं कुठं प्लास्टिकचा कागद. वरून पाऊस, खाली चिखल, हातात रोपाची पेंडी. तिला कुणी म्हणत नाही की आज राहू दे, भिजशील.

आणि ती बाई संध्याकाळी घरी आल्यावर काय करते ते बघा. उंबऱ्यावर गप्पा मारत बसत नाही. आधी सुनेला विचारते, पाणी तापलंय काय? न्हाणीत चुलीवर हंडा चढवलेलाच असतो. कढत पाणी अंगावर घेते, कोरडं लुगडं नेसते, मग चुलीपुढं बसून नाचणीची आंबील नाहीतर चहा, आणि त्यानंतर बोलणं. हा क्रम ती कुठल्या पुस्तकातून शिकलेली नाही. दिवसभर भिजण्यानं तिला काही होत नाही, कारण थांबल्यावर काय करायचं ते तिच्या घरात ठरलेलं आहे. आपल्या स्पर्धांमध्ये नेमका हाच क्रम उलटा असतो.

एका स्पर्धेचं सांगतो. गाव सांगत नाही, आयोजकांचं नाव घेत नाही. शेवटच्या रांगेत दोघे हसताहेत, ते त्या दिवशी माझ्याबरोबर पळलेत, त्यांना माहीत आहे. ऑगस्टमधला रविवार. सुटायच्या वेळी भुरभुर होती, पाच-सहा किलोमीटर झाले आणि जी झोड सुरू झाली ती शेवटपर्यंत. पळायला मात्र सगळ्यांना मजा आली. अंग तापलेलं, वरून पाणी, रस्त्याकडेला भाताची हिरवीगार खाचरं. माणसं एकमेकांना हाका मारत पळत होती.

रेषा ओलांडली आणि मजा संपली. समोर मोठा मांडव, मांडवात व्यासपीठ, खुर्च्यांवर पाहुणे. पदकं भाषणांनंतर देणार. ध्वनिक्षेपकावरून सारखं चाललेलं, “कुणीही जाऊ नये, सर्व स्पर्धकांनी सत्कारासाठी थांबावं.” प्रमुख पाहुणे यायचे होते. कोरड्या कपड्यांच्या पिशव्या ज्या टेम्पोत ठेवल्या होत्या, तो टेम्पो पाहुण्यांच्या गाड्यांना जागा हवी म्हणून दूर नेऊन लावलेला. मांडव पाहुण्यांपुरता. पळणारे सगळे मैदानात, उघड्यावर, वाऱ्यात.

माझ्याशेजारी खानापूर तालुक्यातली एक मुलगी उभी होती. कॉलेजात शिकणारी, अंगानं किडकिडीत. बायकांत तिचा तिसरा नंबर आला होता, म्हणून तिला तर हलताच येईना. छातीवरचा नंबर काढून द्यायला सांगितलं होतं. चार कोपऱ्यांना चार सेफ्टी पिना. कागदाचा लगदा झालेला. तिला पीन उघडता येईना. अंगठा आणि बोट जुळत होतं, दाब मात्र येत नव्हता. दोनदा तिनं प्रयत्न केला, तिसऱ्यांदा हात तसाच खाली सोडला. ओठ जांभळे. मी विचारलं, “बाळ, कुठल्या गावची?” तर उत्तर द्यायला तिला वेळ लागला, आणि आलं ते अडखळत, जड जिभेनं. थोड्या वेळापूर्वीपर्यंत ती कडकडा कापत होती, आता कापणंही कमी झालं होतं. हे फार वाईट लक्षण. कापणं म्हणजे शरीर उष्णता तयार करायला धडपडतंय. तब्येत सुधारलेली नसताना ते थांबलं, तर शरीराची ताकद संपत आलीय असं समजावं.

मी व्यासपीठाकडं गेलो. टेबलावर शालींची चळत होती, वर नारळ. एक शाल मागितली. कार्यकर्ता चांगल्या घरचा, नम्र मुलगा. म्हणाला, “सर, त्या पाहुण्यांच्या आहेत. मोजून आणल्यात.” मी उचलली. त्यानं अडवलं नाही, तेवढं त्याचं मोठेपण. मैदानाच्या कोपऱ्यावर चहाचा गाडा होता. त्या गाड्यावालीनं काही न विचारता मागचा ताडपत्रीचा आडोसा ओढून घेतला, मुलीचे ओले कपडे काढले, स्वतःचं कोरडं लुगडं तिला गुंडाळलं, वर शाल, डोक्याला टॉवेल, आणि ती नीट बोलायला लागल्यावर हातात गोड चहाचा पेला दिला. अर्ध्या तासानं मुलगी हसली. तेव्हा मांडवात पाहुण्यांचा परिचय चालला होता.

मला त्या आयोजकांचा राग नाही. त्यांनी पहाटे तीनपासून खपून रस्ता आखला होता, रुग्णवाहिका होती, केळी होती. खरं त्यांची समजूत अशी की रेषा ओलांडली म्हणजे जबाबदारी संपली. मी म्हणतो, पावसात ती तिथं सुरू होते.

याचं साधं गणित आहे. 60 किलोचा माणूस ताशी 10 किलोमीटरच्या वेगानं पळतो तेव्हा तासाला साधारण 600 किलोकॅलरी जाळतो. त्यातली जेमतेम पाव पळण्याच्या कामी येते, बाकी सगळी उष्णता. म्हणजे पळणारा माणूस पेटती चूल आहे, पावसानं ती विझत नाही. तोच माणूस उभा राहिला की तासाला सत्तरेक किलोकॅलरीवर येतो, तेही काही मिनिटांत. आणि अंगावरचे ओले कपडे? एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 किलोकॅलरी लागतात. सुती बनियन, सुती चड्डी, भिजलेले मोजे यांत अर्धा लिटर पाणी सहज मुरतं. वारा ते वाळवत राहतो आणि त्याची किंमत तुमच्या अंगातून वसूल करतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता ओढून नेतं, हे आणखी वरचं. म्हणून वीस अंश तापमानातसुद्धा, बर्फ नाही, हिमालय नाही, आपल्या बेळगावच्या मैदानावर माणूस गारठतो. त्यातही बारीक अंगाचा आणि दमलेला आधी, कारण कापायलासुद्धा शरीरात शक्ती उरावी लागते.

कडाक्याचा पाऊस काय करतो ते 2018च्या बॉस्टन मॅरेथॉननं जगाला दाखवलं. तीन-चार अंश तापमान, तोंडावर वारा आणि धो धो पाऊस. नावाजलेले धावपटू मधेच सोडून गेले. पुरुषांत जिंकला जपानचा युकी कावाउची, सरकारी नोकरी सांभाळून पळणारा माणूस. बायकांत डेझिरी लिंडेन, 33 वर्षांनी तिथं जिंकलेली अमेरिकन बाई. सुरुवातीला तिला स्वतःलाच वाटत होतं की आज जमणार नाही, म्हणून ती सोबतच्या शालेन फ्लॅनागनसाठी मधे थांबली, तिला गटात परत यायला मदत केली, आणि पुढं स्वतःच जिंकली. मला ही हकीकत फार आवडते. त्या दिवशीही वैद्यकीय तंबूंत गारठलेल्यांची रीघ लागली होती. खरं तिथं तंबू होते, कोरडी पांघरुणं होती. तीन-चार अंशांत ते लोक माणसं सांभाळू शकतात, तर वीस अंशांत आपल्याला का जमू नये?

पाण्याच्या टेबलांचंही असंच. “पावसात कोण पाणी पितंय” म्हणून पुढची टेबलं गुंडाळून ठेवतात. अहो, घाम येतच असतो, पावसात तो दिसत नाही एवढंच. हवेत एवढा दमटपणा असताना तर तो भरपूर येतो. तहान कमी जाणवते म्हणून माणूस पीत नाही, आणि सोळाव्या-सतराव्या किलोमीटरला पाय धरतात.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं म्हणे. बरं, तयारी.

नवख्यानं बारा आठवडे धरावेत. मृगाला सुरुवात केली तर ऑगस्टअखेर बारा आठवडे पुरे होतात. आठवड्यातून तीन-चार दिवस पळा, बोलता बोलता पळता येईल एवढ्याच वेगानं. एक दिवस लांब पळायचं. सहा-सात किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा, चौथ्या आठवड्याला उतरवा, शेवटी सतरा-अठरापर्यंत पोचलात की बास. स्पर्धा 21 किलोमीटर आणि साडेसत्याण्णव मीटरची, उरलेले तीन-चार किलोमीटर त्या दिवशी गर्दी पळवते. तरणा आणि म्हातारा पाऊस, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य, हे आपले सरावाचे मुख्य दिवस. पहाटे गजर होतो, पत्र्यावर पाऊस वाजतो आणि बरोबर त्याच क्षणी माणसाला आपला गुडघा आठवतो. तिथं उठलात की निम्मी तयारी झाली.

कपडे सुती नकोत, सुती मोजे तर मुळीच नकोत. मांड्या, काखा, पायाची बोटं यांना व्हॅसलीन लावा, पुरुषांनी छातीलाही, नाहीतर बनियनवर रक्ताचे दोन डाग घेऊन घरी जाल. पुढं झाप असलेली टोपी घाला, डोळ्यांत पाणी जात नाही. नवे बूट स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभरानं बदला. चुलीशी किंवा हीटरपुढं ठेवू नका, तळवा सुटतो.

रस्ता. बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात झाडांखाली शेवाळ धरतं, तिथं पावलं आखूड टाका. रस्त्यावरचे रंगाचे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं ओली असली की घसरतात. टिळकवाडीच्या रेल्वे गेटांवर रूळ तिरके ओलांडू नका, सरळ काटकोनात ओलांडा. बळ्ळारी नाल्याचं पाणी रस्त्यावर आलं असेल तर त्यातून पळण्यात शौर्य नाही. खाली काय आहे दिसत नाही, आणि पायाला जखम असेल तर लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची भीती. परत फिरा.

भरवणाऱ्यांना मागण्या चारच. पिशव्यांचा टेम्पो रेषेपासून हाकेच्या अंतरावर ठेवा. बायकांना आणि पुरुषांना कपडे बदलायला वेगवेगळे, छप्पर असलेले आडोसे करा. गरम, गोड काहीतरी प्यायला द्या. आणि पदक रेषेवरच गळ्यात घाला, भाषणं नंतर, ज्यांना ऐकायची आहेत त्यांच्यासाठी. त्याच्या जोडीला रेषेवर दोन माणसं अशी उभी करा ज्यांचं काम फक्त येणाऱ्याला त्याचं नाव-गाव विचारायचं. उत्तर अडखळत आलं की त्याला आत न्या, ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा. हातपाय चोळत बसू नका, आणि नीट शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात काही ओतू नका. सरळ डॉक्टरांकडं.

एक विजेचं तेवढं राहिलं. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत वीज फारशी नसते. ती असते वळवाला आणि परतीच्या पावसात, हस्ताच्या दुपारी. म्हणून स्पर्धा ऑक्टोबरात ढकलू नका, ऑगस्टच बरा. तरी कधी गडगडाट ऐकू आलाच तर पळणं तिथंच बंद. झाडाखाली उभं राहायचं नाही, मोकळ्या शिवारात तर नाहीच. पक्कं घर किंवा बंद गाडी गाठायची, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर पडायचं नाही, मग तुमची वेळ किती का चांगली लागलेली असेना.

घंटा झाली. प्रश्न घ्यायला मी दाराशी थांबतो.