हातांनी चालवलेली रेघ

सुईखाली सरकणारा हा कापडाचा तुकडा जेमतेम 30 सेंटिमीटर लांबीचा आहे आणि थोड्या वेळाने त्याचा झिपचा पाउच होणार आहे. वर सुती कापड, मध्ये बॅटिंगचा मऊ थर आणि खाली अस्तर असे तीन थर सेफ्टी पिनांनी एकत्र धरलेले आहेत. ते ज्या पद्धतीने शिवले जात आहेत, तिला फ्री-मोशन क्विल्टिंग म्हणतात.

नेहमीच्या शिवणात मशीनचे दाते कापड पुढे सरकवतात, त्यामुळे टाक्याची लांबी मशीनच ठरवते. इथे मात्र दाते खाली उतरवून डार्निंग फूट, म्हणजे सुईभोवती कापडाला सैल धरणारा मशीनचा पाय, बसवलेला आहे, त्यामुळे कापड कोणत्या दिशेने आणि किती वेगाने न्यायचे, हे सर्वस्वी हातांवर आले आहे. सुई भरभर चालली आणि हात रेंगाळले, तर टाके दाटतात. हातांनी घाई केली, तर ते लांबट पडतात. या दोन वेगांचा मेळ हाताला सापडावा यासाठीच हा सराव आहे, आणि त्यासाठी मोठे क्विल्ट, म्हणजे गोधडीसारखे पांघरूण, घेणे मला योग्य वाटत नाही, कारण तिथे मशीनच्या कमानीखाली जाड गुंडाळी सांभाळण्यातच हात दमून जातात.

मशीनवर बसण्यापूर्वी हीच नक्षी पेन्सिल न उचलता कागदावर पुन्हा पुन्हा काढली जाते, म्हणजे एका वळणानंतर पुढे कुठे जायचे हे हाताला ठाऊक होते. पहिली नक्षी नागमोडी आहे. ती स्वतःला कुठेही न छेदता जागा भरत जाते. गोट्यांची नक्षी अधिक संयम मागते, कारण एक गोल पुरा करून दुसऱ्याकडे जाताना पुष्कळदा शिवलेल्या रेघेवरूनच परतावे लागते.

सुरुवातीला फूट खाली केला जातो, हाताने चाक फिरवून एक टाका घेतला जातो आणि बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, दोरा वर ओढून दोन्ही दोऱ्यांची टोके धरली जातात. हा फूट कापडावर घट्ट दाबून बसत नसल्यामुळे तो खाली करायचे सहज विसरते, आणि मग कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो.

आता तुकडा उलटून पाहू. सरळ भागात टाके नीट बसले आहेत, परंतु या वळणावर बॉबिनचा दोरा ताणून सपाट पडला आहे आणि वरच्या दोऱ्याचे फास पापण्यांच्या केसांसारखे त्याच्या कडेने बाहेर आले आहेत. वळण घेताना हात नकळत वेगाने फिरतात, त्याची ही खूण. वरून पाहताना ती लक्षातही आली नव्हती. पुढच्या वळणावर हात सावकाश नेले आहेत, वरच्या दोऱ्याचा ताण किंचित वाढवला आहे, आणि तिथे फास दिसत नाहीत.

क्विल्टिंगमुळे कापड थोडे आक्रसते, म्हणून हा तुकडा मुद्दाम मापापेक्षा मोठा घेतला होता. आता पट्टी ठेवून तो मापात कापला जात आहे, आणि पापण्या आलेले ते वळण पाउचच्या आतल्या बाजूला जाणार आहे.