बूट घालायला अर्धा तास लावणारं मूल

(एका ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाने, नागपुरात धरमपेठेत पालक आणि शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आधी सगळ्यांनी हाताची घडी घाला बरं, शाळेत घालायचो तशी. घातली? आता सोडा आणि उलटी घाला. खाली होता तो हात वर आला पाहिजे. (हशा) पहिल्या रांगेतले काका अजून शोधून राहिले. काही घाई नाही, काका, सावकाश होऊ द्या.

आत्ता तुम्हाला क्षणभर थांबून विचार करावा लागला ना, की कोणता हात कुठून न्यायचा? काही मुलांना तसा विचार शर्टाच्या प्रत्येक बटणाला करावा लागतो. बुटाच्या लेसला, डब्याच्या झाकणाला, वरणभात कालवताना, सगळीकडे. आणि त्याच वेळी दारातून कोणीतरी ओरडत असतं, "ऑटो आला! चल ना लवकर!"

याला डिस्प्रॅक्सिया म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’ किंवा नुसतं डीसीडी लिहिलेलं असेल. डीएसएम-५ ही २०१३ ची निदानपुस्तिका सांगते की पाच ते अकरा वर्षांच्या शंभर मुलांमागे पाच-सहा मुलांना हा त्रास असतो. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात तीन. इथल्या शिक्षकांनी आपापला वर्ग आठवावा, तिघं सापडतील. ज्याची पाण्याची बाटली रोज सांडते तो, पीटीच्या तासाला नेमकं ज्याचं पोट दुखतं तो, आणि तोंडी सगळं सांगतो पण पेपर अर्धा कोरा सोडतो तो.

या मुलांच्या स्नायूंत ताकद असते, बुद्धी शाबूत असते. अडतं ते हालचालीच्या आखणीत. चेंडू आपल्याकडे येतो तेव्हा हात कधी उघडायचा, किती पुढे न्यायचा, हे मेंदू आधीच ताडतो आणि अंदाज चुकला तर हात वाटेत असतानाच तो सुधारून घेतो. या मुलांचं हे ताडणं आणि सुधारणं कच्चं असतं, त्यामुळे काल जमलेली गोष्टही आज पुन्हा पहिल्यापासून मांडावी लागते. एकच एक कारण सापडलेलं नाही, पण दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या मुलांत हे जास्त दिसतं, मुलींपेक्षा मुलांत जास्त दिसतं. जवळजवळ निम्म्या मुलांत सोबत एडीएचडीही, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रासही असतो. आईच्या लाडाने हे होत नाही. मोबाइलनेही होत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण घरोघरी पहिला आरोप आईवरच येतो.

मला आज बोलायचं आहे ते उपायांबद्दल, पण त्याआधी लेझीमची गोष्ट सांगू द्या.

चौथीतला एक मुलगा माझ्याकडे यायचा. हुशार. रेल्वेगाड्यांचे नंबर आणि वेळा तोंडपाठ, इटारसीला कोणती गाडी किती थांबते तेही सांगायचा. शाळेत २६ जानेवारीची लेझीम बसवत होते. आठवडाभरात त्याला काढलं. काढलं तेही कसं, तर सगळ्या पथकासमोर, "तू आवाज बिघडवतो, तू जाऊन बस." तो मैदानाच्या कडेला दप्तरं सांभाळत बसायचा. त्याची आजी मला म्हणाली, "ताई, पोट्टं रातच्याले झोपेत एक-दोन-तीन-चार म्हणते." त्याला थेरपीतून काय हवं, असं मी विचारलं. आईचं उत्तर तयार होतं, अक्षर सुधारू द्या. त्याचं उत्तर एकच, लेझीम.

आता इथे माझ्या क्षेत्रातला जुना आणि नवा विचार सांगते. मी मेडिकलमध्ये ऑक्युपेशनल थेरपी शिकत होते तेव्हा असं समजलं जायचं की आधी पाया पक्का करा: झोके द्या, तोल साधू द्या, स्पर्शाची जाणीव वाढवा, मग लिहिणं, लेस बांधणं आपोआप सुधारेल. जीन एअर्स या अमेरिकन थेरपिस्टने मांडलेल्या संवेदी एकात्मतेच्या सिद्धान्ताचा तो काळ. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण डीसीडीच्या मुलांचा अभ्यास होत गेला तसं दिसलं की झोक्यावर सुधारलेला तोल झोक्यापाशीच राहतो, बटणापर्यंत तो येतोच असं नाही. २०१९ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशी तर स्पष्टच सांगतात की मुलाला जी गोष्ट जमायला हवी, तीच गोष्ट घेऊन सराव करा. कॅनडात हेलेन पोलाटाइको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक पद्धत बसवली. ध्येय ठरव, बेत कर, करून बघ, तपास. बेत मुलानेच करायचा, मोठ्यांनी फक्त विचारायचं, "कुठं अडलं रे?"

तर आमची लेझीम. गच्चीवर गेलो. त्याने करून दाखवलं आणि मला लगेच दिसलं की तो लेझीमकडे बघत होता म्हणून पाय विसरत होता, पायांकडे बघितलं की लेझीम मिटायची राहत होती. मी सांगितलं नाही. विचारलं, "कुठं अडलं?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पाय आणि हात एकदम नाही येत." बेत त्यानेच काढला: आधी खुर्चीवर बसून नुसते हात. खाली, कमरेशी, वर, पुन्हा कमरेशी, तोंडाने मोठ्याने आकडे म्हणत. काही दिवसांनी लेझीम खाली ठेवून नुसते पाय, गच्चीवर खडूने पावलं काढून. डावं पाऊल निळं, उजवं पिवळं, हेही त्यानेच ठरवलं. मग दोन्ही एकत्र, पण आजीच्या टाळ्यांवर, ढोलाच्या निम्म्या वेगाने. आजीने रोज संध्याकाळी टाळ्या दिल्या हो! गुडघे दुखत असताना जिना चढून. त्या बाईचं मला फार कौतुक वाटतं.

मग त्याच्या वर्गशिक्षिका आणि मी पीटीच्या सरांना भेटलो. सर वाईट नव्हते, त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. ठरलं असं की ‘चार आवाज’ हा लेझीमचा प्रकार त्याने पथकात करायचा आणि उड्यांचा भाग आला की कडेला झेंडा घेऊन उभं राहायचं. तसंच झालं. उड्या त्याला आजही जमत नाहीत, ते खोटं कशाला सांगू? पण चार आवाज त्याचा होता आणि कोणाचाही बिघडला नाही.

आता अक्षराचं. ही माझी खरी तक्रार आहे आणि शिक्षकहो, ती मी प्रेमाने करते. या मुलांच्या वह्या मी रोज बघते. पहिल्या दोन ओळी बऱ्या असतात. तिसरीपासून शिरोरेषा वर चढू लागते, काना अक्षरापासून सुटतो, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. पेन इतकं दाबलेलं असतं की पानाच्या मागे बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागतात. आठव्या ओळीला कागद फाटलेला. आणि खाली लाल शाईत, "अक्षर सुधारा. दहा वेळा लिहा." आपली देवनागरी सुंदर आहे, पण हाताला सोपी नाही. एकेका अक्षरात पेन कितीदा उचलावं लागतं बघा, ‘क्षत्रिय’ लिहून बघा. थकलेल्या हाताकडून दहा वेळा लिहून घेतलं तर दहाव्या वेळी तो पहिल्यापेक्षा वाईटच लिहिणार आणि वाईट लिहिण्याचाच सराव पक्का होणार. पाच ओळी लिहू द्या, उरलेलं तोंडी घ्या. त्याला शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका येते की नाही, हे तुम्हाला तपासायचं आहे ना? मग ते तपासा. यावर मी तासभर बोलू शकते...

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली. उपाय तर राहिलेच. भराभर सांगते, लिहून घ्या.

लिहिण्यासाठी चाररेघी वही, जाड पेन्सिल, पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची. टेकत नसतील तर पायांखाली पाट ठेवा. बटणं अंगातल्या शर्टावर शिकवू नका. शर्ट मांडीवर घ्या, बटणं मोठी असू द्या, बाकीची तुम्ही लावा आणि शेवटचं तेवढं त्याला लावू द्या. म्हणजे काम पूर्ण केल्याचा आनंद त्याचा. पुढच्या आठवड्यात शेवटची दोन. लेसचंही तसंच, दोन्ही टोकं दोन रंगांची घ्या. शाळेच्या बुटांना वेल्क्रो चालत असेल तर बिनधास्त घ्या, लेस सुट्टीत शिकू. सायकलची पॅडल काढून टाका, सीट खाली करा, पायाने ढकलत अंबाझरीच्या उतारापासून लांब, सपाट जागी तोल येऊ द्या, पॅडल नंतर. चेंडू मोठा आणि हलका घ्या, फुग्यापासून सुरुवात करा, फुगा सावकाश येतो. स्वयंपाकघरात घ्या त्याला: मटार सोलणं, कणीक मळणं. आणि संत्रं तर आपल्या घरचंच. नागपुरी संत्र्याची साल सैल, एक हात धरतो, दुसरा सोलतो, दोन हातांना वेगवेगळं काम देणारा याहून चांगला सराव मला माहीत नाही. मुलींना भुलाबाईच्या टिपऱ्या द्या, मुलांनाही द्या, काय बिघडतं? पोहणं उत्तम, पण शिकवणाऱ्याला आधी कल्पना द्या. रोज थोडा वेळ, एका वेळी एकच गोष्ट. आणि ती मुलाने निवडलेली.

निदान बहुधा पाच वर्षांनंतर करतात. आधी बालरोगतज्ज्ञ, डोळ्यांची तपासणी, मग ऑक्युपेशनल थेरपिस्ट. एक गोष्ट मात्र नीट ऐका. आधी येणारी गोष्ट मुलाला येईनाशी झाली, किंवा जमिनीवरून उठताना ते स्वतःच्या मांड्यांवर हात टेकवत उठू लागलं, तर तो डिस्प्रॅक्सिया समजून घरी बसू नका. लगेच मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा.

शेवटचं, परीक्षेचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचं नाव घेतलेलं आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्या परीक्षार्थींना ताशी किमान २० मिनिटं जादा देण्याची आणि लेखनिकाचीही तरतूद होती. बोर्डाच्या सवलतींसाठी शाळेमार्फत अर्ज करावा लागतो आणि तपासण्यांना वेळ लागतो, म्हणून दहावीच्या डिसेंबरात धावाधाव करू नका, आठवीतच कागद सुरू करा. ज्यांनी मुलाची वही सोबत आणली आहे त्यांनी ती घेऊन जिन्यापाशी या, मी थांबते आहे.