टेक्सासचा फसलेला तह

टेक्सास आज अमेरिकेत आहे, त्यामुळे ते सहज सामील झालं असेल असं आपण धरून चालतो. पण ८ जून १८४४ रोजी सेनेटनं विलीनीकरणाचा तह ३५ विरुद्ध १६ मतांनी फेटाळला होता. लागत होती दोन तृतीयांश मतं. मिळाली एक तृतीयांशाहूनही कमी.

मेक्सिकोनं १८२९ साली गुलामगिरी बंद केली. तेव्हा मेक्सिकोचा भाग असलेल्या टेक्सासला सवलत मिळाली, तरी कापूस पिकवणाऱ्या गोऱ्या मळेवाल्यांच्या डोक्यावर टांगती तलवार राहिलीच. १८३६ साली टेक्सास फुटून स्वतंत्र देश झालं आणि नव्या राज्यघटनेत गुलामगिरीला संरक्षण देऊन मोकळं झालं.

राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर व्हर्जिनियाचे, स्वतः गुलामांचे मालक. त्यांच्याच व्हिग पक्षानं त्यांना बाहेर काढलेलं होतं. त्यांचे परराष्ट्रमंत्री एबल अपशर यांनी टेक्सासशी विलीनीकरणाच्या गुपचूप वाटाघाटी चालवल्या होत्या. २८ फेब्रुवारी १८४४ला पोटोमॅक नदीत 'प्रिन्स्टन' या युद्धनौकेवर पाहुण्यांना नवी अजस्र तोफ दाखवत असताना ती फुटली. तोफेचं नाव होतं 'पीसमेकर', म्हणजे शांतता घडवणारी. अपशर गेले, नौदलमंत्री गेले. टायलर खालच्या मजल्यावर होते म्हणून वाचले. मेलेल्या सहा जणांत टायलरांचा गुलाम नोकर आर्मिस्टेडही होता. या स्फोटाच्या हकिकतीत मंत्र्यांची नावं सगळे घेतात. मला आज त्याचं नाव आवर्जून घ्यायचं आहे.

अपशर यांच्या जागी आले जॉन कॅल्हून. १२ एप्रिलला तहावर सह्या झाल्या, आणि सहाच दिवसांत कॅल्हूननी ब्रिटिश राजदूत पॅकेनहॅम यांना एक पत्र लिहिलं. गुलामगिरी जगभरातून जावी, अशी इच्छा ब्रिटननं बोलून दाखवली होती. कॅल्हूननी उलट गुलामगिरीचं समर्थन केलं आणि टेक्सास घेण्याचं कारण त्याच्याशीच जोडलं. पुरावा कसला दिला? १८४० च्या जनगणनेचा. उत्तरेतल्या मुक्त काळ्या लोकांत वेडाचं प्रमाण जास्त आहे, म्हणजे स्वातंत्र्य त्यांना सोसत नाही, असा त्यांचा दावा होता. हे आकडे धडधडीत चुकीचे होते. एडवर्ड जार्विस या डॉक्टरनं एकेका गावाची नोंद तपासली. काही गावांत एकही काळा माणूस नव्हता, आणि तरी काळे वेडे मात्र नोंदलेले होते! दुरुस्तीची मागणी झाली. कॅल्हून आकड्यांना चिकटून राहिले.

तहाची गोपनीय कागदपत्रं, त्यात हे पत्रही, ओहायोचे सेनेटर टॅपन यांनी वर्तमानपत्राकडे पोचवली. एप्रिलअखेर सगळं छापून आलं. तोवर राष्ट्रविस्तार, व्यापार, संरक्षण अशी पांघरुणं होती. पत्रानं ती फेडली. आता उत्तरेतल्या सेनेटरांना तहाच्या बाजूनं हात वर करणं जड झालं. मेक्सिकोशी युद्ध ओढवेल ही भीती होतीच, आणि निवडणुकीचं वर्ष होतं. तरी माझ्या मते निर्णायक ठरलं ते पत्र.

पुढे विलीनीकरणाचे समर्थक जेम्स पोक राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि टायलरांनी तहाची वाटच सोडली. संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त ठरावाला साधं बहुमत पुरतं. सेनेटमध्ये २७ विरुद्ध २५ अशा मतांनी तो निसटता पार पडला आणि १ मार्च १८४५ला, पद सोडायला तीन दिवस उरले असताना, टायलरांनी सही केली.

१८६० च्या जनगणनेत टेक्सासमध्ये १,८२,५६६ गुलाम मोजले गेले. त्या तक्त्यांत मालकाचं नाव लिहिलेलं असतं. त्याच्यापुढे गुलामांचं वय, लिंग आणि वर्ण. नावाचा रकाना त्यांच्यासाठी नव्हता.