मंडईतला फोटो मावशींच्या घरी जावा

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत सुट्टीच्या दिवशी सकाळी गेलात, तर गळ्यात कॅमेरा अडकवलेलं कुणी ना कुणी हमखास भेटतं. 1886 साली ही मंडई रे मार्केट या नावानं सुरू झाली. तिच्या अष्टकोनी मनोऱ्याचे फोटो आपण कितीतरी ठिकाणी पाहतो. आत गाळ्यावर बसून लिंबं-मिरच्या विकणाऱ्या मावशींचेही फोटो भरपूर निघतात. ते प्रदर्शनात लागतात, फोनवरून फिरतात. मावशींच्या घरी मात्र त्यांतला एकही नसतो. विक्रेत्याचा फोटो काढला, तर त्याची छापील प्रत त्याच्या हातात दिलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

या लोकांकडे स्वतःचे कोणते फोटो असतात, हे मी गेली काही वर्षं विचारत आले आहे. आधार कार्डावरचा असतो. पथविक्रेत्यांसाठी 2014 साली कायदा झाला, त्यानुसार ज्यांना ओळखपत्र मिळालं त्यांचा त्यावर असतो. लग्नातला एखादा असतो, तोही घोळक्यातला. घरात भिंतीवर मोठा फोटो असतो तो गेलेल्या माणसाचा. आणि तो कसा तयार होतो? आधारवरचा इवलासा चेहरा स्टुडिओत नेऊन मोठा करून घेतात, त्याला कोट किंवा भरजरी साडी जोडतात, मागं निळं आकाश टाकतात आणि हार घालतात. आयुष्यभर बाजारात बसलेल्या बाईचा चेहरा नातवंडांना असा उसन्या साडीत बघावा लागतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडे कॅमेरा आला तेव्हापासून हे असंच चालत आलं आहे. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्याशी संबंधित विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या नाना जातीजमातींच्या लोकांचे फोटो काढले आणि 1860च्या दशकात ते लंडनहून पुस्तकरूपानं निघाले. फोटोखाली ओळख होती ती समाजाची, जातीची. समोर उभ्या राहिलेल्या माणसाचं नाव विचारावं, असं तेव्हा फारसं कुणाला वाटलं नाही. म्हणून मी आधी नाव विचारते. प्रिंटच्या मागं ते नाव, गाव, तारीख लिहिते आणि मगच प्रिंट देते.

फोटो मागण्याचीही एक वेळ असते. भवानी व्हायच्या आधी मी कुणाला विचारत नाही. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं, भाजीवर पाणी मारून झालं, चहा आला, की मग शेजारी बसून बोलता येतं. रस्त्यावर बसणाऱ्यांना फोटोची भीती वाटते, ती उगीच नाही. हा फोटो अतिक्रमणवाल्यांकडे गेला तर, ही शंका असतेच. कुणी नको म्हणालं की विषय तिथंच संपवते.

आणि हो म्हणाल्यावर काय होतं, ते फार बघण्यासारखं आहे. "थांब गं, पदर घेऊ दे." मग पोत नीट होते, कपाळावरचं कुंकू सारखं होतं, तराजू बाजूला सरकतो, पुढच्या ढिगाऱ्यातला किडका टोमॅटो मागं जातो. मावशी ताठ बसतात आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघतात. आम्हा फोटो काढणाऱ्यांना आवडतात त्या सुरकुत्या, घाम, नकळत टिपलेली नजर. त्यांना हवा असतो नीटनेटका, सन्मानाचा फोटो. मी दोन्ही काढते. पण छापून देते तो त्यांनी निवडलेला, कारण घरात त्यालाच राहायचं आहे.

छपाईबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथंच घोटाळा होतो. निळ्या ताडपत्रीखाली काढलेल्या फोटोत चेहरा निळसर येतो, लाल कापडाखाली तांबूस. तो रंग आधी काढायला हवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बऱ्याच ठिकाणी छापताना न विचारताच चेहरा उजळ करतात, सावळी बाई गोरी होऊन बाहेर येते. "रंगाला हात लावू नका, चेहरा आहे तसाच ठेवा," असं काउंटरवर स्पष्ट सांगायचं. आपला रंग छापण्याजोगा नाही, असं कुणाला आपल्या हातून कळू नये.

आकार मी 6 बाय 8 इंचांचा घेते. फोनचा फोटो त्यात न कापता बसतो. 1800 बाय 2400 पिक्सेल पुरतात, तेवढे कुठल्याही साध्या फोनमध्ये असतात. फक्त फाइल मूळ द्यायची, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो दाबलेला असतो. वरून मॅट लॅमिनेशन करून घ्यायचं. बाजारात ओली पोती, पाण्याचे शिंतोडे, मातीचे हात. साध्या प्रिंटला ओल लागली की वरचा थर फुगतो आणि फ्रेमच्या काचेला चिकटून बसतो. मॅट अशासाठी, की बल्बच्या उजेडात चेहऱ्यावर चकाकी येत नाही.

आठवडे बाजारात माणूस पुन्हा सापडेल का, असं मला नेहमी विचारतात. सापडतो. चाकणच्या शनिवारच्या बाजारात बसायच्या जागा ज्याच्या त्याला ठाऊक असतात. पुढच्या शनिवारी त्याच ओळीत जायचं. नसतीलच, तर शेजारच्या पोत्यावर बसणाऱ्याला फोटो दाखवायचा. "ह्या तर आमच्या काकू, लेकीकडं गेल्यात," अशी खबर लगेच मिळते. पाकीट तिथंच ठेवलं तरी चालतं, ते पोचतं. पण तोवर आजूबाजूचे सगळे जमलेले असतात, फोटो हातोहात फिरतो आणि "आमचा कधी?" सुरू होतं. प्रिंट दिल्यानं पुढची दारं आपोआप उघडतात, हे खरं. पण तेवढ्यासाठी कुणी देऊ नये.

देताना पैसे घ्यायचे नाहीत. मावशी कोथिंबिरीची जुडी पिशवीत कोंबतील, ती मात्र घ्यायची. ती नाकारली तर त्यांना लागतं. बाकीची भाजी त्या सांगतील त्या भावानं घ्यायची, घासाघीस न करता.

श्रोतेहो, तुमच्या फोनमध्येही एखादा असा चेहरा असेल. कोपऱ्यावरचे केळीवाले काका असतील, दारावर येणाऱ्या कोळीणबाई असतील. या आठवड्यात तो एक फोटो छापून घ्या. नाव माहीत नसेल, तर प्रिंट देतानाच विचारा आणि त्यांच्यासमोर मागं लिहा. त्यासाठी बॉलपेन नको, शाई न पुसणारं मार्कर पेन घ्या. प्रिंटच्या गुळगुळीत पाठीवर तेच टिकतं.

नमस्कार.