1872 चा कायदा आणि पिवळी नदी

5 ऑगस्ट 2015. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या सिल्व्हरटनजवळची 'गोल्ड किंग' ही बंद पडलेली सोन्याची खाण. सरकारी पर्यावरण संस्थेचं पथक तोंडावरचा ढिगारा उकरत असताना आत तुंबलेलं पाणी फुटलं. सुमारे 1 कोटी 13 लाख लिटर. ॲनिमस नदी हळदीसारखी पिवळी झाली.

खडकात पायराइट हे लोह आणि गंधकाचं खनिज असतं. बोगदा खणला की त्याला हवा आणि पाणी दोन्ही मिळतात. सल्फ्युरिक आम्ल तयार होतं; ते जस्त, तांबं, कॅडमियम विरघळवून ओढ्यात आणतं. बरं, बोगद्याला काँक्रीटचं बूच मारावं, तर आतली पाणीपातळी चढते आणि पाणी दुसऱ्या भोकातून बाहेर पडतं. मग उरतो प्रक्रिया प्रकल्प: चुना घालून सामू वाढवायचा, धातू खाली बसू द्यायचे, गाळ उपसून सुरक्षित जागी टाकायचा. चुना, वीज, गाळाची जागा... हे बिल दर महिन्याला येतं आणि कित्येक खाणींत ते कधीच थांबणार नाही.

ते भरायचं कोणी? मूळ कंपन्या केव्हाच गाशा गुंडाळून गेल्या. आणि अमेरिकेत केंद्राच्या जमिनीवर सोनं, चांदी, तांबं काढणारा सरकारला रॉयल्टी म्हणून एक सेंटही देत नाही. 1872 चा खाणकाम कायदा आजही लागू आहे. 1500 बाय 600 फुटांचा दावा ठोकायचा, वार्षिक शुल्क भरायचं, झालं.

कोळशाचं तसं नाही. 1977 च्या कायद्याने उघड्या खाणीतल्या टनामागे 35 सेंट, भूमिगत खाणीतल्या टनामागे 15 सेंट आकारले आणि जुन्या खाणींच्या दुरुस्तीसाठी वेगळा निधी उभा केला. दर आता 22.4 आणि 9.6 सेंटांवर आलेत.

धातूंसाठी 2007 मध्ये प्रतिनिधिगृहाने रॉयल्टीचं विधेयक मंजूर केलं: नव्या खाणींना 8 टक्के, चालू खाणींना 4. सिनेटमध्ये ते अडलं. वाद आकड्याचा दिसतो, पण खरी मेख आहे टक्के कशावर लावायचे, यात. नफ्यावर लावले तर वाहतूक, वितळणावळ, यंत्रांचा घसारा वजा करत हिशेब शून्यावर आणता येतो. एकूण मूल्यावर लावले तर चोरवाटा कमी; पण भाव पडल्यावर हलक्या प्रतीचं खनिज परवडत नाही, ते तसंच सोडलं जातं.

शिवाय परक्याची खाण साफ करायला हात लावला, की त्या पाण्याची कायदेशीर जबाबदारी आपल्याच गळ्यात, या भीतीने स्थानिक संस्था लांब राहत. डिसेंबर 2024 च्या कायद्याने 15 प्रायोगिक परवान्यांपुरता हा अडसर दूर केला. रॉयल्टी त्यातही नाही.