रात्रीचा काप

(दृश्य: काळोख, एक हॅलोजन. फिरतं पातं काँक्रीटला टेकतं.)

रात्रीचे साडेनऊ. गुहागर तालुक्यातली एक वाडी. रातकिड्यांना गप्प करणारा हा आवाज जॉइंट कटरचा. १४ इंची पातं, कडेला हिऱ्याची भुकटी बसवलेली, वरून पाण्याची धार. आणि खाली आज सकाळी अकराला ओतलेला रस्ता.

ही आजी आवाज ऐकून अंगणातून उठून आली. तिचा प्रश्न आम्ही लिहून दिलेला नाही.

"अरे, सकाळीच घातलाव ना रस्ता? मग आताच कापताव कशाला?"

कटरवाल्यानं इंजिन बारीक केलं. तो विजापूरकडचा, मराठीला अजून तिकडचा हेल आहे.

"आज्जी, मी नाय कापला तर तो त्याच्या मर्जीनं फुटतो."

(दृश्य: भेगाळलेला भाताचा कुणगा, उन्हात.)

त्याचं म्हणणं समजायला वाडीखालच्या कुणग्यात उतरलं तरी पुरे. भात कापलं, ओल गेली, चिखल आकसला आणि जमीन वाटेल तिथे फाटली. काँक्रीटही असंच आकसतं. ते नीट पसरावं म्हणून सिमेंटच्या गरजेपेक्षा जास्त पाणी घातलेलं असतं, ते हळूहळू उडून जातं. वाळता वाळता मीटरमागे साधारण अर्धा मिलिमीटर आखडतं. एवढ्याशानं काय होतंय, असं वाटेल. पण खालचा थर रस्त्याला सुखासुखी सरकू देत नाही. रस्ता ताणला जातो, आणि दाब सोसायला दणकट असलेलं काँक्रीट ताण सोसायला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंच. तडा जाणार हे ठरलेलंच. कुठे जाणार, तेवढं हा माणूस ठरवतो.

(दृश्य: जुनी पाखाडी, चिऱ्यांमधलं गवत.)

रस्त्याच्या वरच्या टोकाला जुनी पाखाडी, म्हणजे चिऱ्यांची पायवाट, अजून शिल्लक आहे. चित्रं सुंदर आली आहेत, म्हणून जरा थांबतो. जांभ्याचा चिरा, मग माती, मग पुढचा चिरा. पाखाडीला तडा गेला अशी तक्रार वाडीत कुणी केलेली नाही, कारण ती मुळातच तुकड्यांची. एखादा चिरा हलला तर उचलायचा आणि पुन्हा बसवायचा. शंभर मीटर लांबीचा एकच दगड बसवण्याचा विचार कुठल्या पाथरवटाच्या डोक्यात आला नसता. आपण तो आज सकाळी ओतला. रात्री हा माणूस त्याचे पुन्हा चिरे करतोय.

(दृश्य: दोरी, टिचकी, निळी रेघ.)

खुणा संध्याकाळीच झाल्या. दोन्ही कडांना दोघं बसतात, मध्ये निळीची दोरी ताणलेली. टिचकी मारली की रेघ उमटते. रस्ता १५० मिलिमीटर जाड, म्हणून दर ४ मीटरवर एक काप. खोली जाडीच्या पाव हिश्श्याहून कमी चालत नाही, इथे ती ४० मिलिमीटर धरली आहे. वरवर ओरखडा काढून ठेवला तर तडा त्याला जुमानत नाही, शेजारून निघून जातो. म्हणून पात्यावर ही खडूची खूण. दर चार-पाच कापांनी तो ती पुन्हा मारतो, पाण्यानं पुसते.

आता त्याचा हात बघा. हातात साधा खिळा आहे. सातला ओरखडलं, खडी उचकटली. कच्चं आहे, थांबायचं. आठला पुन्हा तेच. नऊला ओरखडा स्वच्छ आला आणि त्यानं इंजिनाची दोरी ओढली. लवकर कापलं तर कापाच्या कडा झडतात. उशीर केला तर काँक्रीट त्याच्या आधी स्वतःच मोकळं होतं. पातं अर्ध्यावर असताना पुढे तडा पळताना दिसला की मशीन उचलायचं, त्या रेघेवर पुढे कापण्यात अर्थ उरत नाही.

आंब्याच्या सावलीतला तुकडा मागे राहिलाय, उन्हातला आधी तयार झालाय. म्हणून सुरुवात उन्हातल्या तुकड्यापासून. तिथेही ओळीनं नाही. तीन रेघा सोडून चौथी, पुन्हा तीन सोडून चौथी. मोठा ताण आधी मोकळा करायचा, मधल्या रेघा दुसऱ्या फेरीत.

(दृश्य: उतारावरून वाहणारं पांढरं पाणी.)

हे पेजेसारखं वाहतंय ते सिमेंटचं पाणी. कापात राहिलं तर तिथेच घट्ट होऊन बसेल, म्हणून लगेच धुवायचं. पाइप धरलेला मुलगा वाडीतलाच, सुट्टीतला. पाण्यानं पातं थंड राहतं आणि दगडाची बारीक धूळ बसते. ती धूळ फुप्फुसात गेलेली परत निघत नाही. कटरवाल्याच्या नाकावर ओला पंचा आहे, मास्क नाही.

ठेकेदाराची गाडी सहाला गेली. मुकादम साडेसातला जेवायला म्हणून गेला. पहाटे अडीचला शेवटचा काप झाला तेव्हा रस्त्यावर कटरवाला, तो मुलगा आणि आम्ही.

काप न देता सोडलेले रस्ते कोकणात हवे तेवढे दिसतील: तड्यातून पाणी आत, खालचा मुरूम बाहेर, मग स्लॅब डुगडुगतो. इथले काप जूनच्या आधी डांबरी मसाल्यानं भरायचे आहेत.

(दृश्य: ओली गोणपाटं. नंतर रस्त्याची उघडी कड, अगदी जवळून.)

आठवा दिवस. गोणपाटांवर पाणी मारणं चालूच आहे, १४ दिवस मारायचं आहे. कडेच्या लोखंडी पट्ट्या काढल्यामुळे रस्त्याची जाडी बाजूनं दिसते. पहिल्या तीन कापांखाली काही नाही. चौथ्याच्या तळापासून केसाएवढी एक रेघ निघाली आहे, सरळ खाली मुरमापर्यंत.

कटरवाला एव्हाना दुसऱ्या गावात आहे. आजी वाकून बघते.

"म्हणजे फुटलाच की रे!"

मुलगा बोट लावून दाखवतो. "फुटला, पण कापाखालीच ना, आजी."