डब्यावर टर्मिनेटर, आत कॉन्ट्रा

(दृश्य: अमळनेर. भंगाराच्या दुकानातला वजनकाटा. पारड्यात पिवळ्या-काळ्या प्लॅस्टिकचे चपटे डबे.)

१ किलो ३०० ग्रॅम. काटा स्थिरावला आणि दुकानदार भाऊंनी प्लॅस्टिकचा जो भाव असतो तोच सांगितला. मी घासाघीस केली नाही. भंगारात करू नये. गिऱ्हाईक अडून बसलं की समोरच्याला वास लागतो, मालात काहीतरी आहे.

पारड्यात २२ कॅसेट आहेत. टीव्ही गेमच्या. पुस्तकी शब्द कार्ट्रिज, पण आमच्याकडं तो कुणाच्या तोंडी ऐकला नाही. गाण्याची कॅसेट, पिक्चरची कॅसेट, तशी गेमची कॅसेट. या २२ पैकी ७ कॅसेटवर सिनेमाच्या हिरोंचे स्टिकर आहेत. मला त्या ७ हव्यात. बाकीच्या १५ त्यांच्यामुळं घरी चालल्यात.

(दृश्य: सुरत-भुसावळ मार्गावरची पॅसेंजर. उतरणारी गर्दी, खांद्यावर बॅगा.)

खान्देशातलं निम्मं गाव सुरतेला कामाला. माझे मामा तिथं लूमवर होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी यायचे. आखाजी म्हणजे झोके, सांजोऱ्या, माहेरी आलेल्या लेकी आणि पारावर पत्त्यांचा डाव. आम्हा पोरांसाठी आखाजी म्हणजे मामांची बॅग. तिच्यात तळाशी, कापडाच्या तुकड्यांत गुंडाळलेली एक कॅसेट असायची.

मामांनी गेम कधी खेळला नाही. त्यांना पिक्चर कळायचा. फुटपाथवर मांडलेल्या ढिगातून जो चेहरा व्हीसीआरवर बघितलेला असेल, ती कॅसेट उचलायची, एवढाच त्यांचा हिशेब. एका वर्षी त्यांनी टर्मिनेटर आणला. काळा गॉगल, चामड्याचं जॅकेट, हातात बंदूक. बारा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर चॅनल जुळवून लावली, तर आत कॉन्ट्रा, सैनिकांच्या गोळीबाराचा गेम. जो आमच्याकडं आधीच दोन कॅसेटमध्ये होता.

'टर्मिनेटर २' वरचा खरा गेम जपानी कंपनी निन्टेन्डोच्या यंत्रासाठी १९९२ साली निघाला होता. तो अमळनेरला पोचला नाही, त्याचा फोटो तेवढा पोचला.

कॅसेटवाल्यानं फसवलं, असं मी बरीच वर्षं म्हणायचो. मग कॉन्ट्राच्या मूळ डब्याचं चित्र बघण्यात आलं. ब्रिटिश चित्रकार बॉब वेकलिन यांनी काढलेलं. त्यातला पुढं झुकलेला सैनिक 'प्रिडेटर' सिनेमातल्या श्वार्झनेगरच्या, म्हणजे टर्मिनेटरच्याच हिरोच्या, फोटोवरून उतरवलाय. म्हणजे मूळ कंपनीच्या डब्यावरही श्वार्झनेगरच होता, फक्त परवानगीशिवाय. आमच्या स्टिकरवाल्यानं माणूस बरोबर ओळखला, पिक्चर चुकवला.

(दृश्य: टेबल. स्क्रू-ड्रायव्हर, कापूस, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली.)

जळगावच्या सराफ बाजारात सोनं कसोटीच्या दगडावर घासून बघतात. वरच्या झिलईला कुणी भाव देत नाही. कॅसेटचंही तसंच. स्टिकर बाजूला ठेवायचा आणि डबा उघडायचा.

हिरवी पट्टी दिसते. खालच्या कडेला ६० पितळी रंगाचे दात. आपल्याकडचे बहुतेक टीव्ही गेम निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉमची नक्कल होते, आणि फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० दात. अमेरिकेत तेच यंत्र वेगळ्या अंगानं विकलं गेलं, तिथं ७२. त्यामुळं अमेरिकेतून कुणी नातेवाइकानं हौसेनं पाठवलेली कॅसेट इथं खाचेत बसतच नाही.

मग पट्टीवर चिप बघायची. पायांची, वर अक्षरं छापलेली काळी चिप असेल तर मूळ माल असण्याची शक्यता. चिपच्या जागी डांबराचा थेंब पडल्यासारखा काळा ठिपका असेल, तर स्वस्तातली नक्कल. माझ्या सातही कॅसेटमध्ये ठिपका आहे.

पण त्यातल्या एकीवर बॅटमॅन आहे आणि आतही बॅटमॅनच निघाला. १९८९ च्या सिनेमावरून जपानच्या सनसॉफ्टनं केलेला. जांभळ्या पोशाखातला बॅटमॅन भिंतीवर पाय रोवून उलट उडी मारतो. सिनेमावरचे गेम बहुतेक घाईत उरकलेले असतात. हा त्यातला नाही. त्याचं संगीत मी आजही गुणगुणतो, बायको वैतागते.

दात साफ करताना कापूस काळा होतो. आम्ही तेव्हा फुंकर मारायचो. ते चूक होतं. फुंकरीतल्या ओलाव्यानं दात गंजतात, निन्टेन्डोनंही फुंकू नका म्हणून बजावलं होतं. चालायचं ते पुन्हा काढून घातल्यामुळं. पण श्रेय गेलं फुंकरीला.

(दृश्य: जुनं छायाचित्र नको. कोरा टीव्ही, मुंग्या.)

घाईत उरकलेला म्हणजे किती घाईत, ते ऐका. १९८२ साली अटारी कंपनीला 'ई.टी.' सिनेमावरचा गेम नाताळच्या बाजारात हवा होता. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रॅमरला साधारण ५ आठवडे मिळाले. गेम तयार झाला, लाखो कॅसेट छापल्या गेल्या, आणि ढीग पडून राहिला. १९८३ मध्ये अटारीनं न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत पुरला. एप्रिल २०१४ मध्ये तिथं खोदकाम झालं. सुमारे १,३०० कॅसेट वर आल्या. चेपलेल्या, मातीचा वास मारणाऱ्या. एक स्मिथसोनियन संग्रहालयात गेली, बऱ्याचशा लिलावात, आणि त्या लिलावातून एक लाख डॉलरहून जास्त जमले.

म्हणजे दुकानात पडून राहिलेली कॅसेट कचऱ्यात गेल्यावर महाग झाली. आमच्या भंगारवाल्या भाऊंना मी हे सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

एरवी संग्राहकांच्या बाजारात तीन पायऱ्या असतात: नुसती कॅसेट, डबा-पुस्तिकेसकट कॅसेट आणि सीलबंद. सीलबंद डब्याला परीक्षक गुण देतात आणि तो पारदर्शक पेटीत बंद करतात. जुलै २०२१ मध्ये सुपर मारिओ ६४ चा असा ९.८ गुणांचा डबा १५ लाख ६० हजार डॉलरला गेला. आपले साडेअकरा कोटींच्या घरात.

खान्देशात सीलबंद कुठून मिळणार? दुकानदार आधी कॅसेट लावून, चालवून दाखवायचा, मगच आपण खिशात हात घालायचो. न बघता घेणारा गिऱ्हाईक म्हणजे सुरतेच्या फुटपाथवरचे आमचे मामा.

वर इथलं ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, स्टिकरचा डिंक सुटतो, कडा वर येतात. पांढरे टीव्ही गेम पिवळे पडतात. प्लॅस्टिक पेटू नये म्हणून घातलेल्या ब्रोमीनच्या संयुगांवर त्याचा ठपका ठेवतात. पत्र्याच्या खोलीतला माल मी शक्यतो घेत नाही. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छताच्या घरातला, कोठीमागं पडलेला माल बघावा. माती त्याला सांभाळते.

(दृश्य: शेल्फ. तीन चकचकीत डिस्कचे डबे.)

हा माझा दुसरा कप्पा. यात नक्कल चालत नाही.

'गजनी', २००८. आमिर खानच्या सिनेमावरचा कॉम्प्युटर गेम, हैदराबादच्या एफएक्स लॅब्जनं केलेला. 'रा.वन', २०११, प्लेस्टेशन २ आणि ३ साठी. सिनेमातच गेममधला खलनायक बाहेर येतो, आणि त्या सिनेमावर पुन्हा गेम. 'डॉन २', प्लेस्टेशन २ साठी २०१३ मध्ये. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ते यंत्र बनवणं सोनीनं थांबवल्याचं जाहीर झालं होतं.

गेम म्हणून तिन्ही बेताचे. रा.वन मी पूर्ण केला, गजनी केला नाही. पण यांचा खप भारतापुरता होता, आणि तेव्हा इथं पन्नास-शंभराची कॉपी डिस्क सोडून मूळ डबा घेणारे मोजकेच. माझ्या रा.वनची पुस्तिका जागेवर आहे, डिस्कवर ओरखडा नाही, डब्यावर दुकानदाराची किंमतपट्टी तशीच आहे. ती मी काढली नाही. संग्राहक काढायला सांगतात.

(दृश्य: ओसरी. मामा, वय सत्तरीच्या पुढं. हातात टर्मिनेटरची कॅसेट.)

मामा आता सुरतेहून कायमचे परत आलेत. कॅसेट उलटीपालटी करून बघतात.

"हाई कसाले जपी ठेवस?"

"मामा, तुम्हीच आणली होती."

"आते कितला भाव शे हाईना?"

बॅटमॅनला मागं एकानं बाराशे देऊ केले होते. ही कॅसेट मी त्याला दाखवली, तर त्यानं हातात धरून परत दिली. स्टिकर एक, गेम दुसरा, चिपही नकली. मी मामांना म्हटलं, "बाराशे."

मामांनी माझ्याकडं बघितलं, मग गॉगलवाल्याकडं.

"मंग इकी टाक ना, भो."

आणि कॅसेट स्वतःच्या बंडीच्या खिशात घातली.